मायच्या गळ्यात हार

लग्नानंतर माझ्या मायच्या गळ्यात एकदाच झेंडूचा हार पडला. तेव्हा तिच्या हातात टमरेल होतं आणि साडी धड सावरलेली नव्हती.

पहाट. गावाबाहेरचा फाट्याचा रस्ता. शिट्टी वाजली, गाडीचा उजेड अंगावर आला. पथक होतं ते, उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारं. तालुक्याचा साहेब, ग्रामसेवक आणि आमचे सरपंच, ज्यांच्या वावरात माय दरसाल कापूस वेचायची. हार सरपंचांनीच घातला. साहेबानं मोबाइल धरला.

"हसा ना मावशी. लाज नाही वाटत का असं बसायला?"

लाज! दिवसा जावं लागू नये म्हणून माय पोटभर जेवत नसे, पाणी पीत नसे. तिला हा लाज शिकवणार. मी अठराची होते, कॉलेजात जात होते. बाजूलाच उभी होते. मायनंच हात जोडले.

"चुकलं जी. आता नाई येत."

कुठे जाणार होती ती?

त्या वर्षी गावाच्या सर्वांगीण विकासाची योजना आली होती. सिमेंटचा रस्ता झाला, पाण्याची टाकी झाली. फाट्याच्या रस्त्यावर सौर दिवे लागले, म्हणजे आमचा होता तेवढा अंधारही गेला. घरोघरी संडास मिळाले. आमच्या वस्तीला नाही, कारण आम्ही ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर राहतो. माय ग्रामपंचायतीच्या चकरा मारून थकली. "जागा तुमच्या नावावर नाई, संडास कशावर बांधू?" ग्रामसेवकाचं एकच पालुपद. मतं मागायला मात्र सगळ्यांना ही जागा बरोबर सापडते.

मग ग्रामसभा भरली. गाव हगणदारीमुक्त झाल्याचा ठराव. "कोणाची हरकत?" सरपंचांनी आपली रीत म्हणून विचारलं. मी उठले.

"माही हाये. आमी कुठी जावं ते सांगा, मंग लेहा."

माय माझा हात ओढत होती. "बस व पोरी. उद्या त्याइच्याच वावरात जाचं हाये."

सरपंच हसले. "तुह्या एकटीच्या हरकतीनं काय होते व?"

खरंच काही झालं नाही. ठराव झाला, पाटी लागली, पेढे वाटले. त्या हंगामात मायला कापूस वेचायला कोणी बोलावलं नाही. ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं तरी काय चुकलं?

हरकत मी अजूनही घेते, प्रत्येक सभेत. संडास अजूनही नाही. आता मायचे गुडघे गेलेत, म्हणून सोबत जाते. आमच्याकडे रीत आहे, रस्त्यानं कोणी आलं की बाईनं अर्ध्यातून उठून उभं राहायचं. झालं की नाही झालं, कोण विचारतं? परवा गाडीचा उजेड आला तशी माय धडपडत उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि उजेडाकडे तोंड करून तिच्यापुढे उभी राहिले.

साहेब येवो की सरपंच. मान फिरवायची तर त्यानं फिरवावी. माझी माय उठणार नाही.