वर ‘श्री’ असलेलं पत्र

मुलांनो, आजोबा गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि सवयीने कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहून गेले. शेजारी तांदूळ निवडणारी माझी धाकटी जाऊ म्हणाली, “अहो ताई, दुःखाच्या पत्रावर श्री घालत नाहीत. दुसरा कागद घ्या.”

खरंच आहे. इंग्रजी पत्रांचे मायने मला शाळेने शिकवले, हा रिवाज आईने. वर श्री दिसला नाही की माणूस पुढचं वाचण्याआधीच खाली बसे.

पण बातमी तर तुम्हाला फोनवरच कळली. आजोबा कसे होते ते सांगायचं राहिलंय, आणि ते फोनवर मला जमत नाही. म्हणून कागद तोच ठेवला. श्रीखाली लिहिलं: आजोबांना पेरू मीठ लावूनच लागायचा. टोपलीत दोन पिकलेत. कापायला हात होत नाही.