अप्पांच्या डोक्याचं माप

शनिवार, दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा. ठिकाण: लातूर, धाकट्या भावाचं घर. हजर: अप्पा, म्हणजे आमचे वडील, आई, भाऊ, आणि नांदेडहून सकाळच्या बसनं आलेली मी. भावजय शाळेत शिकवते, ती गैरहजर, पण तिचं मत तिनं आदल्या दिवशी मला फोनवर देऊन ठेवलं होतं. ते भावाच्या बाजूनं होतं. विषय एकच: अप्पांच्या मोटारसायकलची किल्ली.

किल्ली भावाच्या कपाटात होती. दिवाळीच्या तोंडावर अप्पा गाडीवरून पडले. आमच्याकडं त्या दिवसांत निम्म्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. वळणावर समोरून टेम्पो आला, अप्पांनी गाडी बाजूला घेतली, ती सोयाबीनवर गेली आणि चाक सरकलं. कानाच्या वर टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. भाऊ त्याच दिवशी आई-अप्पा राहतात त्या आमच्या गावाकडं गेला, गाडी वाड्यात लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून लातूरला परत आला.

अप्पा भांडले नाहीत, आणि तेच मला खटकलं. अप्पा भांडत नाहीत असा विषय मी अजून पाहिलेला नाही.

"सकाळी उठून गाडी पुसत्यात," आईनं सांगितलं, "आन् आत येऊन बसत्यात. किल्लीच न्हाई तर पुसायलाव कशाला, म्हनलं. तर म्हनत्यात, धूळ बसती."

गाडी अप्पांना कशासाठी लागते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. तिथून सात-आठ किलोमीटरवर आत्याचं गाव. आत्या अप्पांची मोठी बहीण, एकटी राहते, मुलगा पुण्याला. गुडघे धरलेले, कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं फोनवर ती फक्त स्वतः बोलते. तिच्या गावाला एसटी येते ती सकाळी, आणि परतीची नसते. अप्पा आठवड्यातून दोनदा तिच्याकडं जायचे. गोळ्या, भाजी, कधी शेंगा न्यायच्या, चहा प्यायचा, वडिलांच्या काळातल्या कुठल्यातरी गोष्टीवरून वाद घालायचा आणि परत यायचं. पडल्यापासून ते एकदाही गेले नव्हते.

मी म्हटलं, हेल्मेट घेऊ. डोक्याला नीट बसणारं, आयएसआयचं. ते घालणार असतील तर किल्ली परत द्यायची.

"घालतील का पण?" भाऊ म्हणाला.

"घालतो की," अप्पा म्हणाले. "पर टोपीवरनं."

मी आधी घरीच माप घेतलं. भावजयीच्या शिलाई मशीनचा टेप, भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागं डोक्याचा उंचवटा जिथं असतो तिथून. टाक्यांची जागा भरून आली होती, तरी तिथं हात हलका ठेवला. माप मधल्या साइजचं आलं. अप्पांनी टोपी घातली आणि म्हणाले, आता घे. टोपीवरून ते एक साइज वर गेलं. मी खालचं माप धरून ठेवलं आणि वाद दुकानावर सोडला.

दुकानाच्या आधी भावानं रस्त्याच्या कडेला त्याची कार थांबवली. तिथं दोरीवर हेल्मेटं टांगलेली होती, दुधी भोपळे टांगावेत तशी. "ही बघ, निम्म्या किमतीत," तो म्हणाला. मी एक काढून आत अंगठा दाबला. अस्तराच्या खाली थर्माकोलचा जाड थर लागायला पाहिजे. इथं कापड आणि लगेच प्लास्टिक. आयएसआयचा शिक्का नखानं सुटून आला. तो मी भावाच्या तळहातावर चिकटवला. त्यानं गाडी सुरू केली.

अप्पांचीही एक अट होती. हजाराच्या वर गेलं तर ते हेल्मेट डोक्यावर नाही, कपाटात राहील. त्यांचा स्वभाव बघता हे मला धमकीसारखं नाही, माहितीसारखं वाटलं.

दुकान लांबट, अरुंद, समोरून पूर्ण उघडं. रस्त्यावरची सगळी माणसं आत दिसणार आणि आतली बाहेर. दुकानदारानं पहिल्यांदा पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट काढलं. मला तेच हवं होतं, कारण हनुवटीही वाचते. अप्पांनी ते टोपीवरून ओढलं, चष्मा वाकडा झाला, आतून आवाज आला, "घोड्याला तोबरा बांधल्यावानी झालंय."

"काका, श्वास घ्या की मोकळा," दुकानदार म्हणाला.

"घ्यायलोय. पर पुढं हरभरे न्हाईत."

चष्मा आधी काढून, हेल्मेट घालून, मग चष्मा आत सरकवायचा, असंही करून पाहिलं. अप्पांना ते दर वेळी जमलं नसतं, आणि जे जमत नाही ते ते घालत नाहीत. तोंड मोकळं आणि पुढं लांब काच असलेलं बघू, असं ठरलं. हनुवटीचा मुद्दा मी सोडून दिला. न घातलेल्या चांगल्या हेल्मेटापेक्षा घातलेलं बरं.

टोपीवरून मोठ्या साइजचं चढवलं. दिसायला ठीक होतं. मी म्हटलं, मान हलवा. अप्पांनी मान हलवली. डोकं उजवीकडं गेलं आणि हेल्मेट समोरच बघत राहिलं. मी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून फिरवलं तर आतली टोपी त्याच्याबरोबर फिरली आणि तिचं टोक अप्पांच्या डाव्या कानावर आलं.

"नंदीबैल केलीस का गं माझा? गुबूगुबू वाजव आता."

"अप्पा, पडलात तर हे आधी उडून जाईल. मग डोकं."

"काका, टोपी काढून बघा," दुकानदार सहज म्हणाला. "बरोबर बसतंय."

"टोपी काढू? का, कोन मेलंय?"

दुकानदारानं हात मागं घेतला. तो तरुण होता, पण त्याला कळलं. आमच्या भागातली अप्पांच्या वयाची माणसं घराबाहेर बोडक्या डोक्यानं दिसत नाहीत. दिसलीच तर घरात कुणीतरी गेलेलं असतं. उघड्या डोक्यानं कुणी दारात उभा राहिला तर तोंडानं सांगायची गरज पडत नाही. आमच्या पिढीत हे उरलेलं नाही, पण अप्पांच्या डोक्यात ते टोपीपेक्षा घट्ट बसलेलं आहे. त्यांना चारचौघांत, लातूरच्या भर बाजारात, टोपी काढायला सांगणं म्हणजे काय, हे मला त्यांचा चेहरा बघून समजलं. मी घाई करत होते. थांबले.

भावानं मग एक चांगलं काम केलं. तो अप्पांच्या मागं, रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला. तो चांगला रुंद आहे. दुकानदारानं मागच्या भिंतीवरचा आरसा थोडा आत वळवला. अप्पांनी एकदा मागं पाहिलं, टोपी काढली, घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि मधल्या साइजचं हेल्मेट स्वतःच चढवलं.

बसलं. गालांना दाबून, कपाळाला सगळीकडून सारखं लागून. मी फिरवलं तर कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली, हेल्मेट सुटं फिरलं नाही. पट्टा लावून मागून वर उचललं, निघालं नाही. टाक्यांच्या जागी टोचत नव्हतं. थोडा वेळ तसंच घालून बसवलं. कुठं दुखलं नाही. काढलं तेव्हा नव्या काळ्या अस्तरावर विभूतीची पांढरी पट्टी उमटलेली होती.

"आता हे परत घेता येणार न्हाई काका," दुकानदार हसत म्हणाला.

"न्हाई देत," अप्पा म्हणाले, आणि आधी टोपी घातली. किंमत त्यांच्या अटीत बसली. संध्याकाळी भावानं किल्ली दिली. अप्पांनी ती हेल्मेटात टाकली आणि हेल्मेट काखेत धरून गाडीत बसले.

मंगळवारी दुपारी मी नांदेडला ऑफिसात होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. आत्याच्या गावाकडची एक बाई, मागं रडण्याचा आवाज.

"ताई, तुमच्याकडं काय झालं? कवा झालं?"

 विचारलं, काय झालं?

"तेच तर इचारायलो आमी. तुमचे अप्पा आलेत, आन् आत्यानं हंबरडा फोडलाय. वहिनी गेली म्हनायल्यात."

वहिनी म्हणजे आमची आई. मी फोन बंद करून आईला लावला. वाजत राहिला. परत लावला.

"काय गं?" आई म्हणाली.

मी विचारलं, "काय करायलीस?"

"मेथी निवडायले. का गं? आवाज असा का तुझा?"

काय झालं होतं ते संध्याकाळपर्यंत कळलं. अप्पा नेहमीच्या वाराला न जाता मधेच गेले होते, कारण किल्ली आली आणि त्यांना राहवलं नाही. दारात गाडी लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि अक्का, अक्का करत सरळ उंबऱ्यापर्यंत गेले. टोपी खिशातच होती. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली. किती दिवसांनी आलेला भाऊ, भर दुपारी, बोडक्या डोक्यानं दारात. सूप तिच्या हातातून पडलं. अप्पा तिला सांगत होते, काही झालं नाही, पण तिला ऐकू येत नव्हतं आणि जे दिसत होतं ते पुरेसं होतं. गल्ली जमली. अप्पांनी खिशातून टोपी काढून घातली तेव्हा कुठं ती थांबली, आणि मग जास्तच रडली.

रात्री अप्पांशी बोलले. "किल्ली देवघरात ठिवलीय," ते म्हणाले. "तुझ्या भावाला सांग घिऊन जा. या वयात अक्काला असं रडवायचं? जात न्हाई मी गाडीवर."

रविवारी मी आणि भाऊ गावाकडं गेलो. भावाच्या गाडीत अप्पांना घालून आत्याकडं नेलं. वाटेत मी उपाय सांगत होते. टोपी हँडलला बांधायची. एक जादा टोपी आत्याच्या दारात खुंटीवर ठेवायची. अप्पा बाहेर बघत होते.

आत्यानं चहा टाकला नाही. आधी बोलली.

"ऐकायले ते खरं हाय का रं? गाडी सोडलास म्हनं?"

"तू लई रडलीस अक्का," अप्पा तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले.

"रडले तर रडले. रडून कोन मरत न्हाई. तू यायचा बंद झालास तर मी हितं भिंतीसंगं बोलू का? भिंत वाद तरी घालती का?"

अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ते डोक्यावरचं काय हाय ते," आत्यानं हातानं गोल दाखवलं, "ते घालूनच घरात ये. चुलीपाशी ये. आत आलं की मी तोंड फिरवते, तू तुजी टोपी घाल. एवढ्याला एवढा तमाशा."

माझ्या सगळ्या उपायांपेक्षा हा सोपा होता. भाऊ हसला, आत्यानं त्यालाही झापलं, आणि मग चहा टाकला.

तेव्हापासून अप्पा हेल्मेट घालूनच उंबरा ओलांडतात. शेजारची बाई ओरडते, "आत्या, तुमचे पायलट आले!" अप्पा काच वर न करता हात दाखवतात. नवं अस्तर वापरून थोडं दबतं, म्हणून मी गावाकडं गेले की दर वेळी हेल्मेट फिरवून बघते. अजून घट्ट आहे. पट्टा ते लावतात, हे आईकडून पक्कं केलंय.

मागच्या महिन्यात अप्पा आत्याला डोळे दाखवायला गाडीवर मागं बसवून शिरूरला घेऊन गेले. अप्पांच्या डोक्यावर हेल्मेट, आत्याच्या डोक्यावर पदर. हे मला आत्यानंच खुशीत सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, तेव्हाही ती तशीच जाणार आहे.

मी माप घ्यायला गेले. आत्याचा अंबाडा मानेवर मोठा, हेल्मेट तिथंच अडणार. अंबाडा जरा खाली घेतला किंवा वेणी घातली तर बसेल. तेवढं म्हटलं.

"या वयात वेणी? आन् केस सोडून बसू का पोरींसारखी, गाडीवर? लोक काय म्हनतील?"

"आत्या, अप्पा पडले तर तूही पडशील."

"त्यो न्हाई पडत आता. चहा पी."

दोनदा जाऊन आले. टेप दोन्ही वेळा पिशवीतून बाहेर निघाला नाही. आत्याच्या डोक्याचं माप घेणं बाकी आहे.