रिकामी राहिलेली रेघ

काल प्रयोगशाळेत दोन बशांमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींच्या थरावर मी पेशी खरवडून एकेक बारीक रेघ ओढली. एरवी या पेशी रातोरात दोन्ही काठांनी सरकत येतात आणि रेघ बुजवतात. शरीरात पसरतात त्याही अशाच. आज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर एका बशीतली रेघ बुजलेली आणि दुसरीतली तशीच, लख्ख रिकामी! त्या दुसरीत मी मायक्रोआरएनएचे रेणू सोडले होते.

केवढासा तो रेणू! पेशीला ‘चल, निघ’ म्हणणारा जनुकाचा निरोप तेवढा वाटेत अडवतो. लहानपणी पंगतीत सगळ्यांचं जेवण होण्याआधी आम्ही भावंडं उठायला लागलो, की आई अशीच नुसते डोळे मोठे करायची.

तिलाच फोन लावला.

“आई, आज काहीच झालं नाही!”

“मग ओरडतेस कशाला?”

“बशीतल्या पेशी जागच्या हलल्या नाहीत गं! पंगतीत तू आम्हाला बसवायचीस ना, तशा बसल्यात.”

कॅन्सरच्या ऑपरेशनपासून दर तपासणीला डॉक्टरांना ‘पसरलं नाही ना?’ एवढंच विचारणारी आई खळखळून हसली.

“सांग त्यांना, माझं जेवण अजून व्हायचंय.”