ईशान्येचा खड्डा

बाबांना पाण्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची होती. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर त्यांच्या खुर्चीसमोर पलीकडच्या बिल्डिंगचे एसी आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून ते त्या एसींकडे बघत चहा पितात. म्हणून आंबिवलीच्या पुढे, रिक्षाने पाऊण तास आत, तळ्याकाठी त्यांनी प्लॉट घेतला. सुट्टीत जाऊन राहायला दोन खोल्या आणि व्हरांडा. खरं सांगायचं तर व्हरांडा, आणि त्याच्यामागे नाइलाजाने दोन खोल्या.

आणि मी पत्रकं वाटणारी. आमच्या भागातल्या तळ्याला कुंपण घालायचं घाटत होतं तेव्हा चौकात उभी राहून मी पत्रकं वाटलेली. मथळा माझाच होता : ‘तळं कुणाच्या बापाचं नाही!’ आई तेव्हाच म्हणालेली, "पुढचं तरी बापाला विचारून छाप."

त्यामुळे प्लॉटची गोष्ट निघाली तशी मी अट घातली, कागद मी तपासणार. सातबारा, फेरफार, एनए, पूररेषा. तलाठ्याच्या कार्यालयात इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. कुठेही खोट सापडली नाही. घरी येऊन मी जाहीर केलं, "बाबा, कागद स्वच्छ आहेत." त्या एका वाक्यावर बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले.

भूमिपूजन मार्गशीर्षात. आम्ही प्लॉट पाहिला होता भाद्रपदात, कमरेएवढ्या गवतात. आता कॉन्ट्रॅक्टरने गवत काढून, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. रेघांमधून एक फिकट पट्टा पाण्यापर्यंत गेला होता. मला वाटलं, ट्रॅक्टर फिरला असेल.

गुरुजींनी ईशान्य कोपरा दाखवला. नेमका तळ्याच्या बाजूचा, व्हरांड्याचा. आई-बाबा पाटावर बसले, उपरण्याला पदराची गाठ. मंत्र झाले, बाबा उठले आणि त्यांनी कुदळ मारली.

कुदळ टणकन उडाली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दोन बोटं माती निघाली असेल.

"साहेब, जमीन एक नंबर!" कॉन्ट्रॅक्टर खूश. "अशा जमिनीवर घर शंभर वर्षं हलत नाही."

मागून कुणीतरी हसलं. डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेतलेली गावातली एक म्हातारी उभी होती, मागे तिची सून.

"घट्ट नाय व्हनार? आमचे सासूचे सासूपासून तुडवलीय," म्हातारी म्हणाली. "पान्याची वाट हाय ती."

कॉन्ट्रॅक्टरने हात उडवला. "तुम्ही पूजा चालू ठेवा, साहेब. या बायका येतात-जातात. कंपाउंड झालं की आपोआप बंद होतील."

"पावसात आमी हिरीवर कपडं धुतंव," ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली. "दिवाली झाली का हिथं. पलीकरं निस्ता चिखोल हाय, बाय. आता आमी कुठशी जायाचं?"

आणि मी, चौकात घसा फोडणारी मी, गप्प राहिले. मनात काय आलं ते लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असतं तर मी त्याचं पत्रक काढलं असतं. मनात आलं, कागद आपल्या बाजूने आहेत. कुठल्याच नकाशात ही वाट नाही. हे वाक्य मी सरकारी कार्यालयांत समोरच्या खुर्चीतल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. दर वेळी तळपायाची आग मस्तकात गेलीय. त्या दिवशी ते अगदी समंजस वाटलं.

बाबांनी कुदळ टेकवली. "अगं, तू तपासलं होतंस ना?"

"कागद तपासले होते."

"मग?"

"जमीन नाही बघितली, बाबा. वाट आहे ती. आपण तिच्यावर खणतोय."

बाबा तळ्याकडे बघत राहिले. घराचा नकाशा त्यांना पाठ होता. वाट सोडायची म्हणजे काय सोडायचं हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईने गाठ न सोडता त्यांच्या कोपराला हात लावला.

"गुरुजी, कोपरा सरकवता येतो का हो?" तिने विचारलं.

"येतो की. घर सरकलं की त्याची ईशान्यही सरकते," गुरुजी म्हणाले. "फक्त अकराच्या आत ठरवा."

कॉन्ट्रॅक्टर पुटपुटला, "व्हरांडा जातो, साहेब. पाण्याकडे नुसती भिंत येते."

"खिडकी ठेवा," बाबा म्हणाले. कुदळ उचलून म्हणाले, "मोठी."

वाट सोडून दहा पावलं अलीकडे नवा खड्डा घेतला. तिथे कुदळ पहिल्याच घावात पात्यापर्यंत आत गेली. भुसभुशीत, काळी माती. पाया खोल घ्यावा लागणार, असं कॉन्ट्रॅक्टर तोंड पाडून म्हणाला. बाबांनी तांब्याचा कलश खड्ड्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

जुना खड्डा मी पायानेच बुजवला. म्हातारीने त्यावर टाच दाबून पाहिली, बोचकं सावरलं आणि सुनेला घेऊन पाण्याकडे निघून गेली.