बहिणीचा फोन गंजगोलाईत

मंडळी, आज दुपारपासून मला फोनची भीतीच बसली आहे.

माझी बॅटरी संपली म्हणून धाकट्या बहिणीचा, शीतलचा फोन घेतला. तिच्या क्लासात फोन नेऊ देत नाहीत. निघालो झेरॉक्सला, पोचलो गंजगोलाईच्या बाजारात. भजी दिसली की मी असाच वाहवतो.

तेवढ्यात मुखेडहून, घरून अण्णांचा, म्हणजे वडिलांचा फोन. "क्लास बुडवून गंजगोलाईत काय करून राहिलीस गं? उद्या सामान बांध, घरी ये!"

"अण्णा, मी हाय. ती क्लासात हाय."

"तिला पाठीशी घालतो व्हय रे?"

पळत क्लास गाठला, शीतलला बाहेर बोलावून बोलायला लावलं, तेव्हा ते निवळले.

मग त्यांच्याकडूनच कळलं, क्लासनं सराव परीक्षेसाठी टाकायला लावलेलं ॲप त्यांना तिचा ठावठिकाणा दाखवतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, "दादा, रविवारचा पेपर त्यातच हाय."

कॉम्प्युटर क्लासात शिकलो होतो, सिस्टीम सॉफ्टवेअर मशीन चालवतं, ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर आपलं, म्हणजे वापरणाऱ्याचं, काम करतं. मग हे नेमकं कुणाचं काम करून राहिलंय? तुमच्या पोरींच्या फोनात काय काय हाय, त्यांना तरी माहीत हाय का?