मुलगा पिक्युलिअर आहे

माझं लग्न इंग्रजी कच्चं असल्यामुळे जमलं.

आमच्या रत्नागिरीत मुलगा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कायम नोकरीला आहे म्हटलं, की मुलीकडचे आधी "वा!" म्हणतात आणि लगेच विचारतात, "मुंबईला बदली कधी?" मी आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. माझी बदली मुंबईला करायची तर आंब्याच्या बागाही तिकडेच न्यायला हव्यात! नकारांवर नकार येत गेले तसा आईचा धीर सुटत चालला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती माझं वय मोठ्याने सांगायला लागली (देवाला कमी ऐकू येत असावं).

एक दिवस ती म्हणाली, "मेल्या, तो बायोडेटा बदल आधी. निर्व्यसनी, मनमिळाऊ, सुस्वभावी... सगळ्यांच्यात हेच असतं! आपलं काय वेगळं आहे ते लिही. आणि इंग्रजीत लिही, भारदस्त वाटतं."

"माझंही घाल रे काहीतरी," पेपरामागून बाबा म्हणाले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नव्हतं.

मी मोबाइलवर 'वेगळेपणा दाखवणारे इंग्रजी शब्द' शोधले. भलीमोठी रांगच आली. सुरुवातीला 'युनिक', 'स्पेशल', 'डिस्टिंक्टिव्ह' अशी साधी मंडळी होती. ती कोणीही वापरेल! मी खाली खाली गेलो. बाजारात जसा भारी माल दुकानदार आत ठेवतो, तसंच शब्दांचं असणार, असा माझा समज. शेवटी लिहिलं, 'मुलगा पिक्युलिअर आहे. कुटुंब ऑड आहे. आईच्या हातची चव स्ट्रेंज आहे. वडील रत्नागिरीत मार्क्ड मॅन आहेत.' हे सगळं इंग्रजीत, ठळक अक्षरांत, वर गणपतीचं चित्र!

आईने ते वधूवरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. एरवी तिथे सकाळपासून फुलं उगवत असतात. त्या दिवशी सगळा ग्रुप चिडीचूप.

"बघ, कसे गार पडले सगळे!" आई खूश झाली.

संध्याकाळी डोंबिवलीहून मावशीचा फोन. "ताई, प्रसादची तब्येत बरी आहे ना गो?" आईने सांगितलं, माझं वजनसुद्धा वाढलंय.

आणि मग चमत्कार झाला. गुहागरहून फोन आला, "आम्ही रविवारी येतो." बदलीचं नावही नाही! आईने ओल्या काजूची उसळ केली, घावणे काढले. मुलगी मुग्धा, तिचे वडील अप्पा आणि तिची आत्या अशी तिघंजणं आली. ओटीवर टेकली ती अगदी कडेला, चपला पायाशी ठेवून.

अप्पांनी बाबांकडे वाकून हळूच विचारलं, "तुम्ही असे उघड्यावर बसता? भीती नाही वाटत?"

"एवढी वर्षं एसटीत काढली," बाबा म्हणाले. "सवय झालीय."

उसळीला कोणी हात लावेना. आत्या वाटीचा नुसता वास घेऊन बघत होती. आईचा चेहरा पडला. ओल्या काजूला नाही म्हणणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता! हेही स्थळ गेलं, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं.

अप्पा खाकरले. "मुलगा दिसायला तर बरा आहे. मग ते... केव्हा होतं?"

"काय?"

"पिक्युलिअर. अमावस्येला का?"

"छे हो!" मी छाती पुढे काढली. "रोजच असतो. लहानपणापासून."

"आणि औषध?"

"गरजच पडली नाही. आईकडचे सगळे असेच आहेत!"

आत्याने चपलेत पाय घातले.

तेवढ्यात मुग्धा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, बसा हो. ह्यांना 'वेगळा' म्हणायचंय. लिहिलंय 'विचित्र'! आणि 'चव न्यारी' म्हणायला गेले, तर 'चव कशीतरीच' झाली. वडील 'नावाजलेले' म्हणायचं, तर 'मार्क्ड मॅन', म्हणजे मारेकरी मागावर असलेले झाले!"

मला परसातली विहीर आठवली.

"म्हणजे माझ्या मागावर कोणी नाही?" अर्थ समजल्यावर बाबांनी विचारलं. सुरात थोडी निराशाच होती.

मुग्धाने वाटी पुढे ओढली, घावण्याचा तुकडा मोडून उसळीला लावला आणि खाल्ला. मग वाटी आईपुढे धरली. "अजून घाला ना, काकू." आईने पातेलंच तिच्या शेजारी आणून ठेवलं. त्या क्षणी मला त्या मुलीचे पाय धरावेसे वाटले. स्थळाचं जे होईल ते होवो, माझ्या आईचा पडलेला चेहरा तिने वर आणला होता.

नंतर परसात मी धीर करून विचारलं, "एवढं वाचूनही आलात कशा?"

"निर्व्यसनी आणि मनमिळाऊ खूप बघितले," ती म्हणाली. "अप्पा नकोच म्हणत होते. मीच हट्ट केला. म्हटलं, एवढं खरं लिहिणारा बघू तरी!"

लग्न झालं. नकार देणाऱ्या सगळ्या घरांचा मी आज मनापासून ऋणी आहे, आणि त्या शब्दांच्या रांगेचाही. सुरुवातीलाच थांबलो असतो, तर मुग्धा गुहागरलाच राहिली असती. बाबा अजून ओटीवर बसताना आधी इकडेतिकडे बघून घेतात, न जाणो कोणी मागावर असलं तर.

अप्पांना मात्र सगळं समजावून सांगूनही ते दर अमावस्येला लेकीला न चुकता फोन करतात. "जावईबापू ठीक आहेत ना गो?"

आणि मुग्धा माझ्याकडे बघत शांतपणे सांगते, "हो अप्पा, काळजी नको. रोजच्यासारखेच आहेत!"