कायमचा पत्ता

निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून मी सुरतेतल्या लिंबायतच्या मदत केंद्रावर जाऊ लागले. घर पाडलेल्यांचे, नवऱ्याने टाकलेल्यांचे अर्ज तिथे फुकट भरून देतात, गरज पडली तर वकीलही देतात. मराठी शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. माझ्या अक्षराचा मला भारी तोरा. चूक झाली ती त्याच अक्षरात.

जिच्या अर्जात ती झाली, ती बाई पंचेचाळिशीची असेल. आमच्या खानदेशातलीच, साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणून करायची. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, तो आदल्या वर्षी वारला. खाडीकाठची त्यांची झोपडी पालिकेने पाडली होती आणि बदल्यात कोसाडच्या वसाहतीत घर मिळायचं होतं. तोवर ती मुलीला घेऊन नणंदेच्या एका खोलीत दिवस काढत होती, आणि नणंदेचं तोंड रोज वाकडं होत चाललं होतं.

तिचा अर्ज मी भरला. ‘कायमी सरनामुं’, म्हणजे कायमचा पत्ता, असा रकाना आला, तसं मी विचारलं, “गाव कोणतं गं तुझं?” तिने पारोळ्याजवळचं गाव सांगितलं, मी झोकात लिहून टाकलं. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या लोकांत कायमचा पत्ता म्हणजे गावच. सुरतेत तीस वर्षं काढली तरी इथला तो नुसता राहायचा पत्ता.

दोन महिन्यांनी नकार आला. कायमचं घर महाराष्ट्रात आहे, सबब अर्जदार पात्र नाही! ती कागद घेऊन आली आणि तो माझ्यासमोर धरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गावचं घर तरी कसलं, एक पडकी भिंत, तीही दिराच्या वाट्याची. लिहिताना माझा हात कसा मोडला नाही, असं झालं मला.

केंद्राच्या वकील मुलीने अपील टाकलं आणि मला म्हणाली, “टीचर, तमारे बोलवुं पडशे.”

“मी कशाला बोलू? वकील तू ना?” मी फणकारले. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

सुनावणीला पालिकेच्या साहेबांनी अर्ज उचलून विचारलं, “आ अक्षर कोना छे?”

मी उभी राहिले. “माझं. मी गाव विचारलं म्हणून तिने गाव सांगितलं. चूक माझी, आणि घर तिचं का जावं?” आवाज चढलाच माझा. वकील मुलीने मागून पदर ओढला.

साहेब चिडले नाहीत. “अने तमारुं कायमी सरनामुं?”

“अमळनेर,” मी पटकन म्हणाले आणि जीभ चावली. अमळनेरला आता माझं कोण आहे? कुत्रंसुद्धा ओळखायचं नाही. साहेबांनी अर्ज खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, मला कुणी विचारलं तर माझ्याही तोंडात आमच्या सौराष्ट्रातलं अमरेलीच येतं. त्यांनी एकच अट घातली, आपलं दुसरीकडे कुठेही घर नाही असं बाईने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं.

नोटरीकडे मी तिला तो मजकूर आमच्या अहिराणीत समजावून सांगितला. तिने पेन हातात घेतलं आणि थांबली.

“बाई, मंग आखाजीले यासनी घागर कोठे भरू?”

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या दिवशी तो पाण्याला येतो असं मानतात. नवऱ्याची पहिली घागर तिने गावी जाऊन त्या पडक्या भिंतीशी भरली होती. सही कर गं आधी, असं डाफरायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून तिच्यापुढचा कागद नीट केला.  शेवटी तिनेच मान खाली घालून, एकेक अक्षर जोडत सही केली.

घर मिळालं. कोसाडला, चौथ्या मजल्यावर. आखाजीला तिने मला जेवायला बोलावलं. कोऱ्या फरशीवर घागर मांडलेली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, जिन्यातून झळा येत होत्या, आणि हिने दार सताड उघडं टाकलेलं.

“अगं, लाव की ते दार,” मी म्हणाले.

“राहू द्या, बाई.” ती दाराकडेच बघत होती. “त्यासनी हाई घर देखंच नही. सापडी का त्यासले?”

 शाळेतली मराठी त्या क्षणी आठवेचना.

“सापडी,” मी तिच्याच बोलीत म्हणाले. मग आम्ही दोघी उघड्या दाराकडे तोंड करून जेवायला बसलो.